आशाचं दगडफूल

झुंबरबाई गेली. गुरुवारी किशोरदादाचा फोन आला, म्हणाला आई गेली, दहावंपण झालं, तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. काल रविवारी तो स्वतः घरी येऊन गेला, आणि तेव्हापासून मी नीट जेवलेली नाहीये. म्हणून लिहायला बसले. आत्ता नाही लिहिलं तर नंतर मी कारणं शोधत बसेन.

झुंबरबाई आमच्या कुणी लागत नव्हती. ती दगडफूल विकायला यायची. काळ्या मसाल्यात घालतात ते, काळपट राखाडी, चुरगळलेल्या कागदासारखं, वास मातीचा. तिच्या घरामागच्या आंब्यावर एक दगडफूल होतं, तिच्या मेलेल्या मुलीच्या नावाचं. ते कुणी तोडायचं नव्हतं. ते मी तोडलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझा पुळका यायला नको.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी दहा वर्षांची होते, म्हणजे चौऱ्याण्णव साल. आम्ही इंदिरानगरला नुकतेच राहायला आलो होतो. मार्च संपत आला होता, आईने अंगणात चादरीवर मिरच्या वाळत टाकल्या होत्या आणि मी राखण करत बसले होते. गेटपाशी एक काळीसावळी, काटकुळी बाई उभी. डोक्यावर पांढरी गोणी, पण ती गोणी वाऱ्यानेसुद्धा हलत होती इतकी हलकी. ती इगतपुरीच्या पुढच्या एका वाडीवरून एसटीने यायची, मुंबई नाक्याला उतरायची आणि तिथून दारोदार चालत यायची. आईने भाव विचारला, तिने सांगितला, आईने कमी करायला सांगितला, तिने गोणी उचलली. आईच हरली. माझी आई मालनबाई कुणापुढे हरत नाही, म्हणून मला ते लक्षात राहिलंय.

आई पैसे आणायला आत गेली तशी झुंबरबाई माझ्याकडे बघत बसली. वय विचारलं. मग माझा हात धरून तिने मनगट चाचपलं आणि आई बाहेर आली तशी तिला म्हणाली, हिची एक बांगडी द्या, जुनी चालंल, सध्या बसती तीच पाहिजे. बदल्यात तिने दोन मुठी दगडफूल जास्तीचं घातलं. आईला वाटलं घरात लहान मुलगी असेल. माझी हिरवी काचेची बांगडी गेली. मी रडले होते त्या दिवशी, आवडती होती ती.

मग दरवर्षी तेच. मार्च-एप्रिलमध्ये यायची, पायरीवर बसायची. खुर्ची दिली तरी नाही बसायची, म्हणायची खुर्चीत पाय लटकतात, माणूस टांगल्यावानी वाटतं. पाणी मागायची, चहा मागायची नाही पण दिला की दोन कप प्यायची. आणि जाताना माझी बांगडी. मी मोठी होत गेले तशी बांगडीचं माप वाढत गेलं. अकरावीत असताना मी तिला चिडवलं, मावशी, माझ्या बांगड्यांचं दुकान काढलंस का? ती म्हणाली, "काढलंय. गिऱ्हाईक एकच हाय." आणि हसली. पुढचे दोन दात नव्हते तिला, हसली की लहान मुलासारखी दिसायची.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे दोन हजार चार साली, आम्हाला प्रोजेक्ट होतं. आमचं कॉलेज गंगापूर रोडला. सगळ्यांनी तुळस, कडुनिंब, कोरफड असले विषय धरले होते. मला वेगळं काहीतरी करायचं होतं, मला नेहमीच वेगळं काहीतरी करायचं असतं. सविता मॅडम वर्गात सांगत होत्या की आपण मसाल्यात टाकतो ते दगडफूल म्हणजे एक झाड नव्हेच, बुरशी आणि शेवाळ एकत्र राहतात त्यातून ते बनतं, आणि उन्हापावसात, उघड्या सालीवर टिकून राहण्यासाठी ते अशी काही रसायनं तयार करतं जी दुसरीकडे कुठे फारशी सापडत नाहीत. मी तिथल्या तिथे हात वर केला. मॅडम, मी हे करणार, माझ्याकडे दगडफूलवाली मावशी आहे.

डिसेंबरात मी वाडीवर गेले. किशोरदादा, म्हणजे तिचा मुलगा, रेल्वेत गँगमन होता, तो मला स्टेशनवर घ्यायला आला. सकाळी साडेसहाला झुंबरबाई मला घेऊन निघाली, कारण दगडफूल दंव असेपर्यंतच काढायचं. ऊन चढलं की ते पापडासारखं होतं, हात लावला की चुरा. एखादं कोरडं राहिलेलं असेल तर ती काय करायची, तोंडात पाणी घ्यायची आणि फुर्रकन त्याच्यावर फवारायची. मग थांबायची. दोन मिनिटांत ते राखाडीचं हिरवट व्हायचं, मऊ पडायचं, आणि ती बोथट सुरीने कडेकडेने उचलून साल न दुखवता अख्खं काढायची. मी केलं तर माझ्या हातात साडेतीन तुकडे. ती म्हणाली, शाळेत काढायला शिकवलं नाय वाटतं.

आणि प्रत्येक झाडावर थोडं मागे ठेवायची. "झाडाला नागडं करायचं नाय," एवढंच म्हणायची.

चालता चालता मी तिला माझं ज्ञान पाजळत होते. म्हटलं मावशी, हे दोन जीव आहेत एकत्र, बुरशी घर बांधते आणि शेवाळ जेवण बनवतं. तिने विचारलं, भांडत नाहीत? म्हटलं नाही. "मग ते नवरा-बायको नसतील," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे गेली.

तिच्या घरामागे एक म्हातारा आंबा होता. त्याच्या खोडावर दगडफूल थोडंच, पण सगळ्यात दाट. मी बरोबर बाटलीत पोटॅशचं पाणी नेलं होतं, त्याचा थेंब टाकला की आत कोणतं रसायन आहे ते रंगावरून कळतं. मी एका दगडफुलावर थेंब टाकला. आधी पिवळं झालं, मग लालभडक. मला इतका आनंद झाला, म्हटलं सॅलाझिनिक ॲसिड, मावशी बघ, आहे यात. तिने एकदम माझा हात मागे ओढला. म्हणाली रगात आलं त्याला. मी समजावलं रक्त नाही, रंग आहे. तिला पटलं नाही. मग तिने मला आंब्याच्या बेचक्याखाली एक दाखवलं, गोल, मनगटाएवढं, एकटं. म्हणाली, बाकी सगळं ने, त्याला हात लावू नको.

मी विचारलं का? ती म्हणाली, "ते ठेवलेलं हाय."

मला वाटलं झाड नागडं करायचं नाही म्हणून. मी पुढे विचारलं नाही. त्याच क्षणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं का, माहीत नाही. पण मी विचारलं नाही एवढं खरं.

जानेवारीत गोंधळ झाला. मी वेगवेगळ्या झाडांचं दगडफूल वेगवेगळं वाळवून, दळून, बाटल्यांत भरून ठेवलं होतं, नमुना एक ते नमुना सात. आंब्याचा तो नमुना सात. प्रत्येकी पाच ग्रॅम लागणार होते, आणि सातचे भरले चार. सेमिनार फेब्रुवारीत. मॅडम म्हणाल्या सोडून दे, सहाच दाखव. पण थेंबाने लाल झालेला नमुना तोच होता, मला तोच हवा होता. मी मॅडमना न सांगता दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून इगतपुरीला गेले.

झुंबरबाईच्या दाराला कुलूप. शेजारची चिमणाबाई म्हणाली, दोघी-तिघी मिळून दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेल्यात, पंधरा दिवसांनी येतील. मी घरामागे गेले. आंब्यावर आता नवीन काही नव्हतंच, डिसेंबरात मीच सगळं नेलं होतं. ते एकटं गोल तेवढं राहिलं होतं.

मी किती वेळ विचार केला असेल, खरं सांगते, एक मिनिट. म्हटलं एक तर आहे, येईल परत. दगडफूल वर्षाला तीन-चार मिलिमीटर वाढतं हे माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मनगटाएवढं व्हायला किती वर्षं लागली असतील हा हिशोब सातवीतल्या मुलीलाही आला असता. मी तोंडात पाणी घेतलं, तिच्यासारखं फुर्र केलं, थांबले, आणि सुरीने उचललं. ते एकच मला अख्खं काढता आलं. मला माझाच अभिमान वाटला.

खाली सालीवर खुणा होत्या. वर्तुळं, एकात एक, बारीक टोकाने ओरखडल्यासारखी. मी मोजली, अकरा. वहीत चित्र काढलं आणि खाली लिहिलं, सालीवर वर्तुळाकार खुणा, कारण अज्ञात.

ती वही अजून माझ्याकडे आहे.

कॉलेजात ते ओव्हनमध्ये वाळवलं, दळलं, पाच ग्रॅम पूर्ण केले, मिथेनॉलमध्ये अर्क काढला. अँटीऑक्सिडंटची टेस्ट सोपी असते, एक जांभळं द्रावण असतं, त्यात अर्क टाकायचा. अर्कात दम असेल तर जांभळं फिकं होत होत पिवळं पडतं. सहा नमुने हळूहळू उतरले. सातव्यात जांभळं बघता बघता गेलं. मॅडमनी परत करायला सांगितलं, परत तसंच. सेमिनारला मला पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या पडल्या. आंब्याचं थोडं दगडफूल अर्क काढून उरलं होतं, ते मी छोट्या बाटलीत बंद करून आठवण म्हणून कॉलेजच्या लॅबमधल्या फडताळात ठेवलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झुंबरबाई आली. मी आतल्या खोलीत परीक्षेच्या नोट्स काढत होते. तिचा आवाज आला तशी मी उठणार होते, बक्षिसाचं सांगायला. पण ती काहीतरी वेगळ्याच आवाजात बोलत होती. आईने भाव विचारला, तिने सांगितला, आईने कमी करायला सांगितला, आणि ती हो म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आई घाबरलीच, म्हणाली झुंबरबाई, बरं नाही का?

मग ती सांगायला लागली. आईने विचारलं नव्हतं तेही.

तिला एक मुलगी होती, आशा. चौऱ्याऐंशी सालची. माझ्याच वर्षाची. तिच्या सासूची, नवसाबाईची, एक रीत होती, घरात मुलगी झाली की झाडावरचं एक दगडफूल, हरभऱ्याएवढं, तिच्या नावाने ठेवायचं. मुलगी वाढते तसं ते वाढतं. लग्न ठरलं की ते काढायचं आणि लग्नाच्या रश्शाच्या मसाल्यात घालायचं, तोपर्यंत कुणी शिवायचं नाही. सासूने ते दोन मुलींचं केलं होतं. झुंबरबाईने आशाचं ठेवलं.

आशा नऊ वर्षांची असताना ते सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला गेले होते. तिथे तिला ताप भरला. मुकादम म्हणाला, बाजाराच्या दिवशी नेऊ डॉक्टरकडे, गाडी तेव्हाच जाते. तीन दिवस होते बाजाराला. झुंबरबाईकडे मसाल्यापुरतं दगडफूल होतं, घरचं औषध म्हणून तिने तेच उकळून पाजलं. बाजाराच्या आदल्या दिवशी आशा गेली. तिथेच भट्टीमागच्या जागेत पुरली. पुढच्या वर्षी गेले तर तिथे गोडाऊन उभं होतं. फोटो कधी काढलाच नव्हता. फ्रॉक तिच्या अंगावरच होता. राहिलं ते झाडावरचं.

"मग म्या तुमच्या दारात आले," ती आईला म्हणाली. "ही पोर मिरच्या राखत बसलेली. तेवढीच. मला कळंना आता तिचा हात केवढा झाला असंल. म्हणून बांगडी न्यायची. नेऊन फुलावर धरायची, भवती रेघ मारायची. फूल रेघेपोतर यायचं. बरोबर यायचं, बाई. ही वाढली का ती वाढायची."

मी आत उभी, हातात पेन तसंच.

ती म्हणाली, औंदा द्राक्षाहून आले तर फूल नाही. व्यापाऱ्याची माणसं फिरत असतात, त्यांनी नेलं असेल. कुणी का नेईना, मसाल्यात गेलं असेल कुणाच्या तरी.

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. तिला माझा संशयसुद्धा नव्हता. मी बाहेर आले आणि म्हटलं, "मावशी, मी नेलं."

तिने माझ्याकडे पाहिलं, पण चेहऱ्याकडे नाही. हाताकडे. मी काय काय बोलले मला आठवत नाही, कमी पडत होतं म्हणून, माहीत नव्हतं म्हणून, तू सांगितलं नाहीस म्हणून, हेसुद्धा म्हटलं मी, सांगितलं नाहीस. रोहिणी, गप्प बस, आई म्हणाली. झुंबरबाईने फक्त विचारलं, "उरलंय का?"

मी आईची स्कूटी काढली. गंगापूर रोडपर्यंत कशी गेले, सिग्नल लागले की नाही, काही माहीत नाही. फडताळातून बाटली काढली, कपाटातला रिपोर्टपण घेतला, का घेतला देव जाणे. परत आले तर ती पायरीवर तशीच बसलेली, शेजारी आई जमिनीवर बसलेली. माझी आई कधी कुणाशेजारी जमिनीवर अशी बसलेली मी पाहिली नव्हती.

तिने बाटलीचं झाकण काढून वास घेतला. तळाला बोटभर भुकटी होती, राखेसारखी. तिने विचारलं, असं कसं झालं हे? मी सांगितलं, वाळवलं, दळलं. कशात वाळवलं? मी म्हणाले ओव्हन असतो, लोखंडी कपाट, आत गरम. ती म्हणाली भट्टी.

मग तिने विचारलं, काय निघालं त्यातून? आणि मी मूर्खासारखी रिपोर्ट उघडून तिला सांगायला लागले. की सगळ्यात जास्त यातच निघालं. की आपल्या अंगात काही काही जाळपोळ करणारं तयार होतं आणि यातली रसायनं त्याला आडवी जातात, अंग वाचवतात. की जांभळं पाणी एका झटक्यात पिवळं झालं. मला वाटत होतं हे ऐकून तिला काहीतरी मिळेल, म्हणजे वाया नाही गेलं असं. मी रडत रडत आकडे वाचत होते.

तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"एवढं हाय त्यात," ती म्हणाली, "मग तिचा ताप का नाय उतरला? म्या हेच पाजलं व्हतं."

मी रिपोर्ट मिटला. मला उत्तर माहीत होतं, म्हणजे शास्त्रातलं. काचेच्या नळीत जे होतं ते माणसात होईलच असं नसतं, मॅडमनी मला रिपोर्टच्या शेवटी तसं वाक्यपण टाकायला लावलं होतं. पण ते वाक्य तिच्यासमोर तोंडातून निघेना.

ती उठली. बाटली कमरेच्या पिशवीत खोचली. आई धावत आत गेली आणि माझी बांगडी घेऊन आली, सकाळी मी हातातून काढून ठेवली होती तीच. झुंबरबाईने ती परत आईच्या हातात ठेवली. म्हणाली, आता माप कशाचं घेऊ. आणि गेली.

त्या दिवाळीत मी वाडीवर गेले. तिने चहा दिला, वाडीवर पाऊस किती झाला ते सांगितलं, किशोरदादाच्या सोयरिकीचं सांगितलं, माझी परीक्षा विचारली. त्या विषयावर एक शब्द नाही. मी घरामागे जायला उठले तर म्हणाली, तिकडं चिखल हाय, नको जाऊ. मी गेले नाही. निघताना तिच्या पाया पडले, तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण मनगट धरलं नाही. पूर्वी बोलता बोलता ती माझं मनगट धरायची, सवयीने. ते गेलं होतं.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये ती आली नाही. आईने दुकानातून दगडफूल आणलं, त्यात निम्मी माती आणि सालीचे तुकडे. कांडपाच्या गिरणीवर आई म्हणाली, यंदा मसाल्याला वासच नाही. मी एमएस्सीला गेले होते, अभ्यास खूप आहे असं स्वतःला सांगत राहिले. मी परत वाडीवर गेले नाही. जाऊ शकले असते. दीड तासाचं अंतर आहे.

काल किशोरदादा आला तो बाहेरच उभा राहिला, आईनं आत बोलावलं तेव्हा आला. सांगत होता, छातीत कफ होता, इगतपुरीच्या दवाखान्यात नेलं होतं, चार दिवस होती. शेवटपर्यंत बोलत होती. मग त्याने पिशवीतून एक फडक्याची गाठ काढून माझ्या हातात दिली. आईने सांगितलंय तुम्हाला द्यायला, म्हणाला.

आत माझ्या बांगड्या होत्या, सुतळीत ओवलेल्या, अकरा. सगळ्यात आत ती हिरवी, जिच्यासाठी मी दहा वर्षांची असताना रडले होते. आणि बाटली. भुकटी तेवढीच. तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर माझंच अक्षर, नमुना सात.

मी विचारलं, काय म्हणाल्या मावशी? तो जरा लाजला, असं काही दुसऱ्याच्या घरात बोलायचं म्हणून.

"म्हणाली, रोहिणीच्या लग्नाच्या रश्शात घालायला सांग. दोघींचं एकदमच होऊ दे."

आई आत निघून गेली. किशोरदादाने चहा घेतला नाही, पाच वाजता ड्यूटी होती त्याची.

घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. आई आज सकाळी म्हणाली, घालू आपण, तिने सांगितलंय तर घालू. बाटली माझ्या टेबलावर आहे, मी लिहितेय तिथेच. हिरवी बांगडी माझ्या बोटांपलीकडे जात नाही. झाकण मी अजून उघडलेलं नाहीये.